शिमग्याआधीची मासळी आणि जूनची बंदी

दरवर्षी १ जून जवळ आला की वर्तमानपत्रांत मासेमारीबंदीच्या बातम्या येऊ लागतात. ट्रॉलर धक्क्याला लागतात, परप्रांतीय खलाशी आपापल्या गावी निघतात, मासळीचे भाव चढतात आणि आपण सारे ३१ जुलैची वाट पाहत बसतो. समुद्राला ६१ दिवसांची विश्रांती मिळाली, मासळीला अंडी घालायला सवड मिळाली, असे समाधान सरकार मानते आणि जनताही मानते. या समाधानाविषयी आम्हाला थोडे कडू बोलायचे आहे. आणि ते जूनमध्ये न बोलता मुद्दाम माघ-फाल्गुनात बोलायचे आहे. कारण जूनची बंदी फळाला येणार की वाया जाणार, याचा निकाल आमच्या मते शिमग्याच्या आसपासच लागलेला असतो.

हिशेब अगदी साधा आहे. आपल्या ताटातली दोन मुख्य मासळी म्हणजे तारली आणि बांगडा. तारली पावसाच्या तोंडावर आणि पावसाळ्यात अंडी घालते. तिचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे, आणि वर्ष भरायच्या आतबाहेरच ती वयात येते. म्हणजे जून-जुलैत जी तारली अंडी घालणार, तीच फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या किनाऱ्यासमोर थव्याने फिरत असते. बांगड्याचा अंडी घालण्याचा काळ अधिक लांब चालतो, पण त्यालाही हीच गोष्ट लागू पडते. आता या चार महिन्यांत थवेच्या थवे उचलून नेले, तर १ जूनला आपण बंदी घालायची ती कोणासाठी? बैल गेला आणि झोपा केला, यातली गत. बाळंतिणीसाठी खोली सारवून ठेवायची आणि बाळंतिणीलाच घरातून घालवून द्यायचे, असा हा कारभार चालला आहे.

माघ-फाल्गुन हा आपल्या किनाऱ्यावरचा मोठा सुखाचा हंगाम. पावसाचा खवळलेला दर्या विसरून गेलेला असतो. पहाटे वारा जमिनीवरून सुटतो, दुपारनंतर समुद्रावरून येतो. लहान होडीवाल्याला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत. केरी, हरमल, मोरजीपासून खाली आगोंद, पाळोळे, गालजीबागपर्यंत छोट्या होड्या पहाटेच्या काळोखात बाहेर पडतात आणि उन्हे वर येईपर्यंत परततात. ओहोटी लागली की बायामाणसे खडकांवर शिणाणे आणि कालवे काढायला जातात, नदीच्या मुखाशी तिसऱ्या आणि खुबे वेचतात. आणि याच महिन्यांच्या उन्हावर पुरुमेंताची तयारी सुरू होते. खारवलेले बांगडे, सुकी सुंगटे, सुकवलेले दोडयारे यांवर पावसाळ्याचे तीन महिने काढण्याची रीत गोव्यातल्या हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोठ्या ट्रॉलरवाल्याच्या दृष्टीने हा वर्षातला एक हंगाम असेल. लहान होडीवाल्याच्या घरात मात्र पुढच्या पावसाळ्याचे पोट याच दिवसांत भरून ठेवायचे असते.

रापणीविषयी आमच्या तरुण वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. आता ती पर्यटकांनी फोटो काढण्यापुरती उरेल अशी भीती आहे. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडत जायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि तीस-चाळीस माणसांनी दोन रांगा करून ते ओढायचे, ही रापण. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा वाटा ठरलेला. वाटेने जाणाऱ्या माणसाने दोराला हात लावला तरी त्याला चार मासे मिळत. गावातल्या विधवेच्या, म्हाताऱ्याच्या घरी निवत्याची सोय त्यातून होई. या पद्धतीत एक स्वाभाविक मर्यादा होती. मासळी किनाऱ्याजवळ आली तरच मिळायची, आणि माणसांना ओढता येईल तेवढीच ओढायची. निसर्गाने घातलेली ती मर्यादा मोडायला कोणाला कायदा लागला नाही आणि पाळायलाही लागला नाही.

याच्या उलट पर्ससीनचे आहे. जुन्या बायकांच्या कमरेला बटवा असे, त्याच्या तोंडाला नाडी असे. ती ओढली की बटवा बंद. पर्ससीन जाळे हे त्याच तत्त्वावर चालते. यंत्राची मोठी बोट थव्याभोवती जाळ्याची उभी भिंत फिरवते आणि खालची नाडी यंत्रावर ओढून घेते. थव्यातले लहान, मोठे, अंडी भरलेले, न भरलेले सगळे एकदम आत. त्यात आता एलईडीची भर पडली. बोटीवर जनित्र चढवायचे, रात्री समुद्रावर आणि पाण्यात प्रखर दिवे सोडायचे, आसपासची मासळी त्या उजेडाकडे ओढली जाते आणि मग जाळे फिरवायचे. अशी मासळी किनाऱ्याकडे येणार तरी कशी? पहाटे होडी घेऊन निघालेल्या माणसाच्या वाट्याला रिकामे पाणी येते. एका रात्रीत एवढी मासळी धक्क्यावर पडते की भाव कोसळतो, आणि जी माणसांच्या ताटात जात नाही ती मासळीचे कूट करणाऱ्या कारखान्यांच्या वाटेला लागते. असे कारखाने गोव्यातही आहेत आणि शेजारच्या कर्नाटकातही आहेत. माणसाच्या तोंडचा घास कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जावा, याला प्रगती म्हणायचे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे, असे कोणी म्हणू नये. मुक्तीनंतरच्या दशकांत सरकारी कर्जे आणि अनुदाने देऊन ट्रॉलर आणले गेले. ते थेट किनाऱ्यालगत जाळी ओढू लागले तेव्हा सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्याचे रापणकार रस्त्यावर उतरले. ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ उभा राहिला, माथानी साल्ढाणांसारखे नेते त्यातून पुढे आले आणि त्या लढ्याची धग देशभरच्या मच्छीमारांपर्यंत पोचली. गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली झाला, त्यामागे या माणसांचा घाम आहे. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखला गेला. कोणत्या भागात, कोणत्या काळात, कोणत्या जाळ्याने मासेमारी करू द्यायची नाही, हे आदेश काढून ठरवण्याचा अधिकार सरकारला या कायद्याने मिळाला. पुढे १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारनेही एलईडीची मासेमारी आणि दोन बोटींनी एक जाळे ओढण्याची ‘बुल ट्रॉलिंग’ पद्धत यांवर बंदी घातली. म्हणजे कागदावर सगळे आहे. तरीही रात्री समुद्रावर दिवे दिसतात, तक्रारी होतात, निवेदने दिली जातात आणि पुन्हा दिवे दिसतात. पोलीस म्हणतात मत्स्योद्योग खात्याला विचारा, खाते म्हणते गस्तीला बोटी अपुऱ्या, आणि १२ सागरी मैलांच्या पलीकडे गेले की राज्य केंद्राकडे बोट दाखवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता तेरेखोल नदीच्या पलीकडे पाहू. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीनविरुद्ध वर्षानुवर्षे संघर्ष केला. डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र सरकारने आदेश काढला. त्यात पर्ससीनच्या परवान्यांची संख्या कमी करत नेण्याचे ठरले, त्यांचे क्षेत्र आखून दिले आणि मुदत बांधली ती १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी. जानेवारी ते मे हे महिने पर्ससीनला बंद. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून दंडाच्या रकमा लाखांत नेल्या. तिथली अंमलबजावणी आदर्श आहे असे आमचे म्हणणे नाही. सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांच्या तक्रारी आजही आपण वाचतो, आणि त्यांत गोव्याच्या आणि मलपीच्या बोटींची नावे येतात, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण तत्त्व म्हणून महाराष्ट्राने एक गोष्ट मान्य केली आहे. अंडी घालणारी मासळी जूनपर्यंत जगायची असेल, तर तिला जानेवारीपासूनच राखली पाहिजे. गोव्यात मात्र पर्ससीनचा हंगाम ३१ मेपर्यंत चालतो.

मासळीला तेरेखोलची हद्द ठाऊक नाही. मालवणसमोर वाचलेला थवा दोन दिवसांनी हरमलसमोर येतो आणि तिथे उचलला जातो. आणि केवळ मासळीच या हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे असे नाही. पेडण्यातली गाबीत घराणी आणि सिंधुदुर्गातली गाबीत घराणी यांच्यात सोयरीक आहे, दोन्हीकडच्या मुलांनी मराठी शाळांत धडे गिरवले, दोन्हीकडे तेच सण आणि त्याच नारळी पौर्णिमेला तोच नारळ. एका भावाच्या गावासमोर पर्ससीन चार महिन्यांपुरते आणि दुसऱ्या भावाच्या गावासमोर दहा महिने, हा न्याय कोणता?

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर द्यायला हवे, कारण ते सगळेच लबाडीचे नाहीत. पहिला आक्षेप असा की ट्रॉलरवाला आणि पर्ससीनवाला हाही गोमंतकीयच आहे. बोटीसाठी त्याने कर्ज काढले आहे, वर्षातले पाच महिने आणखी गेले तर त्याने हप्ते कसे भरायचे? हे खरे आहे. मालीम, कुटबण, वास्कोच्या धक्क्यांवर अनेक कुटुंबे उभी आहेत आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे वडील रापणकारच होते. म्हणूनच आम्ही बंदी आणि वाऱ्यावर सोडणे यांची गल्लत करत नाही. आजही सरकार यांत्रिक बोटींना डिझेलवरील व्हॅटचा परतावा देते. हा पैसा जनतेच्या करातून जातो. अधिक मासळी मारण्यासाठी जो पैसा दिला जातो, त्यातलाच काही भाग पर्ससीन बंद ठेवणाऱ्यांना भरपाई म्हणून किंवा जाळे बदलण्यासाठी मदत म्हणून देता येणार नाही काय? आणि मासळीच संपली तर कर्जाचे हप्ते कोणत्या समुद्रातून भरणार आहेत?

दुसरा आक्षेप न्यायालयाचा. व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर असे बंधन टिकणार नाही, असे सांगून अधिकारी हात झटकतात. केरळ सरकारने आपल्या सागरी हद्दीत पर्ससीन आणि तत्सम जाळ्यांवर घातलेली बंदी १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली, हे त्यांना ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही. पारंपरिक मच्छीमाराचे पोट राखण्यासाठी घातलेले बंधन वाजवी ठरू शकते, हे तेव्हाच स्पष्ट झाले आहे. इच्छा असेल तर मार्ग आहे.

तिसरा आक्षेप असा की मासळी कमी-जास्त होणे हे निसर्गाचे चक्र आहे, त्यात जाळ्यांचा दोष काय? या आक्षेपातही तथ्याचा अंश आहे. केरळातल्या तारलीचे उदाहरण पाहा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार २०१२ साली केरळात सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली होती. २०२१ साली ती अवघ्या ३,२९७ टनांवर आली. समुद्राचे बदलते तापमान हे त्याचे एक कारण होतेच, आणि पुढच्या काळात तारली काही प्रमाणात परतलीही. पण त्यातला धडा वेगळा आहे. समुद्र तापणे आपल्या हातात नाही. वाईट वर्ष आले की त्या वर्षीची उरलीसुरली मासळी राखणे मात्र आपल्याच हातात आहे. दुष्काळात शेतकरी बियाणे खात नाही. केरळने २०१५ साली लहान मासळी पकडण्यावर बंधन आणले. तारली १० सेंटिमीटरपेक्षा आणि बांगडा १४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायचा नाही, असे ठरवले आणि पुढे ही यादी वाढवत नेली. ज्या राज्याने मासळी जाताना पाहिली, ते राज्य शहाणे झाले. आपण पाहिल्याशिवाय शहाणे होणारच नाही काय?

आमचे काही सभासद विचारतील की मराठीसाठी स्थापन झालेल्या मंडळाच्या पत्रिकेत मासळीचा विषय कशाला? त्यांना आमचे नम्र उत्तर असे. मराठी ही केवळ संमेलनाच्या मंडपातली भाषा नाही. ती पेडण्याच्या आणि काणकोणच्या वाड्यावाड्यांत बोलली, वाचली, गायली जाते. गाबितांच्या आणि खारव्यांच्या घरांत भजनाची वही मराठी, पोथी मराठी, लग्नाची पत्रिका मराठी. ही घरे समुद्रावरून उठली आणि मुले हॉटेलांत किंवा परदेशी जहाजांवर पांगली, तर ती वही कोण उघडणार आहे? भाषा वाचवायची तर ती बोलणाऱ्यांचा चुलाही पेटता राहिला पाहिजे. शिवाय हा प्रश्न मराठी-कोकणीच्या वादाचा नाही आणि हिंदू-ख्रिस्तीही नाही. सासष्टीचा ख्रिस्ती रापणकार आणि पेडण्याचा गाबीत या बाबतीत एकाच होडीत बसले आहेत. आपण त्यांच्या शेजारी बसायला हवे.

एक गोष्ट मात्र थेट भाषेची आहे. मत्स्योद्योग खात्याचे आदेश आणि योजनांचे अर्ज बहुतांशी इंग्रजीत निघतात. ज्याने पाचवी-सहावीत शाळा सोडून वल्हे हातात घेतले, त्याने ते कोणाकडून वाचून घ्यायचे? १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. ती तरतूद अशा ठिकाणी वापरायची नाही तर कुठे? मच्छीमाराला बंधने लागू करायची तर ती त्याला वाचता येतील अशा लिपीत आणि भाषेत लिहून द्यायला हवीत.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. गोव्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीत १ जानेवारी ते ३१ मे या काळात पर्ससीन बंद ठेवावे. वाटल्यास आधी तीन वर्षांसाठी ठेवावे आणि मग काय फरक पडला ते उघडपणे तपासावे. १९८० चा कायदा त्यासाठी पुरेसा आहे, नव्या विधेयकाची वाट पाहण्याचे कारण नाही. एलईडीचे दिवे आणि त्यांची जनित्रे समुद्रावर शोधत बसण्यापेक्षा बोट धक्क्यावर असतानाच तपासावीत. दोषी बोटीचा परवाना आणि डिझेलचा परतावा दोन्ही थांबवावे. केरळप्रमाणे मासळीचे किमान आकार ठरवून ते धक्क्यावर पाळले जातात की नाही ते पाहावे. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनी एकत्र बसून एकच वेळापत्रक ठरवावे, म्हणजे एकाची बंदी दुसऱ्याची पर्वणी होणार नाही. आणि हे सारे मराठीत आणि कोकणीत प्रसिद्ध करावे.

काही भाग आपल्या घरातही आहे. २०१८ च्या जुलैमध्ये फॉर्मॅलिनचा वाद उठला आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी आली, तेव्हा आपले बाजार बाहेरच्या मासळीवर किती अवलंबून आहेत हे सर्वांना कळले. किनारा आपला आणि मासळी बर्फाच्या पेटीतून परराज्यातली, ही नामुष्की आहे. बाजारात बोटाएवढे बांगडे स्वस्तात दिसले तर ते घेऊ नयेत. विकणारी बाई गरीब असते, तिच्याशी वाद घालू नये, पण मोठी मासळी मागावी. गिऱ्हाईक जे मागते तेच धक्क्यावर उतरते. जमेल तेव्हा गावच्या होडीची मासळी घ्यावी, चार पैसे अधिक पडले तरी.

गोव्याच्या गेल्या तीन विधानसभा निवडणुका पाहा. ३ मार्च २०१२, ४ फेब्रुवारी २०१७ आणि १४ फेब्रुवारी २०२२. तिन्ही वेळा मतदान नेमके याच हंगामात झाले. होड्या समुद्रात असतात आणि उमेदवार किनाऱ्यावर. मच्छीमारांच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढले जातात, रापणीचा दोर क्षणभर धरला जातो. पुढच्या वेळी असा उमेदवार दारी आला तर आमच्या वाचकांनी त्याला चहा जरूर द्यावा आणि एकच प्रश्न विचारावा: जानेवारी ते मे पर्ससीन बंद ठेवण्याच्या बाजूने तुम्ही विधानसभेत हात वर करणार काय? होय किंवा नाही, एवढेच उत्तर घ्यावे आणि लिहून ठेवावे. आमच्या प्रत्येक शाखेने अशी उत्तरे मंडळाकडे पाठवली, तर ती याच पानांवर नावानिशी छापण्याची जबाबदारी आम्ही घेतो.